डोक्याचं आणि थोबाडाचं पटेना

बिघाड मी केला होता आणि रिपोर्टात तो बालाजीच्या पायांवर टाकला होता.

बालाजी म्हणजे लातूरच्या एका सोयाबीन तेलगिरणीतला दुपारपाळीचा ऑपरेटर. ‘ऑपरेटरच्या पायाचा धक्का लागून पॅनलमागची केबल हलते व संपर्क तुटतो,’ असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही ठोकली, एक प्रत मालकांच्या टेबलावर ठेवली आणि नांदेडची तीनची बस पकडली. अक्षर माझं चांगलंच आहे. त्या काळात माझ्याजवळ चांगलं म्हणावं असं तेवढंच होतं.

पण मला सांगायचंय ते मामांबद्दल. मी मध्ये येतो तो फक्त त्यांच्या तोंडून शिव्या खाण्यापुरता.

मामा त्या गिरणीचे इलेक्ट्रिशियन. नांदेडची कापडगिरणी बंद पडल्यावर लातूरला आलेले. वय साठीच्या अलीकडे की पलीकडे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. कापडगिरणीतल्या मागांशेजारी आयुष्य गेल्यामुळे ते मोठ्यानं बोलत आणि समोरच्याचं ऐकून घेत नसत. खाकी शर्ट, खिशात टेस्टर, आणि गळ्यात एका कापडी पिशवीत ट्रान्झिस्टर. हा ट्रान्झिस्टर दिवसभर चालू. पण त्यावर ना गाणं, ना बातम्या. दोन स्टेशनांच्या मधे कुठंतरी काटा ठेवलेला आणि नुसती खरखर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, बिचाऱ्यांना कमी ऐकू येतं. मदत करावी म्हणून मी पुढे होऊन चाकी फिरवली आणि छान गाणं लावून दिलं.

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटात हात घातला होता.

“कोन रे तू?”

“कंपनीकडून आलोय. सर्व्हिस इंजिनिअर.”

“असं का. मंग हात लावल्याबिगर ऱ्हावतंच न्हाई म्हना तुला.”

काटा परत खरखरीवर आला. त्या दिवसापासून मी ‘वॉरंटी’ झालो. पुढची दोन वर्षं गेटमधून आत शिरलो की आधी खरखर ऐकू यायची आणि मग आवाज, “काय वॉरंटी, आलास? संपली न्हाईस आजून?” माझं खरं नाव मामांनी कधी विचारलं नाही. पुण्याहून कुणी आला तर तो ‘पुणं’, मुंबईहून आला तर ‘मुंबई’. माझं ऑफिस नांदेडात, खताच्या दुकानावरच्या एका खोलीत होतं. त्या हिशेबानं मी ‘नांदेड’ व्हायला हवा होतो. पण नांदेड मामांचं स्वतःचं गाव होतं, ते माझ्यासारख्याला देऊन टाकायची त्यांची तयारी नव्हती.

आमची कंपनी गिरण्यांना दोन वस्तू विके. एक कंट्रोलर, म्हणजे यंत्रं केव्हा चालू करायची, केव्हा बंद, वाफ किती सोडायची हे ठरवणारा डबा. तो इलेक्ट्रिक रूममध्ये कपाटात बसलेला. दुसरा ऑपरेटरसमोरचा पॅनल, काचेचा, ज्यावर सगळे आकडे दिसतात आणि बोट लावून हुकूम देता येतो. दोघांमध्ये साठ-सत्तर मीटरची एक केबल. मामांनी पहिल्याचं नाव ‘डोकं’ ठेवलं होतं आणि दुसऱ्याचं ‘थोबाड’. माझ्या चार वर्षांच्या पदवीत यापेक्षा सोपं कुणी सांगितलं नव्हतं, पण हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. मी ‘थोबाड’ ऐकलं की नाक मुरडायचो.

मामांच्या खोलीत ‘आपोआप’ म्हणायला बंदी होती. कुणी धावत येऊन सांगितलं, “मामा, मोटर आपोआप बंद पडली,” की मामा त्याला दाराबाहेर काढत.

“भायेर जा. परत ये. अन् कुनी बंद पाडली ते सांग.”

“अहो पण कुणीच नाही...”

“आपोआप फकस्त गवत उगवतं. औंदा तेबी न्हाई.”

ज्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं आलं, त्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट. माझ्या लॉजचा मालक सकाळी अर्धी बादली दारात ठेवी आणि ती मी कशी वापरतो हे बघायला तिथंच उभा राही. गिरणीतली बोअर फेब्रुवारीतच कोरडी पडली होती. अशा दिवसांत मामांनी गिरणीच्या मागच्या भिंतीला खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘चूळ हितंच भरावी.’ खाली अर्थिंगचा खड्डा, कोळसा आणि मीठ भरलेला. जेवल्यावर हात धुवायचे तर त्याच खड्ड्यावर, तोंड धुवायचं तर तिथंच. मालकांकडे सोलापूरचे एक बडे व्यापारी आले होते, त्यांना मामांनी जेवणानंतर दंडाला धरून तिकडे नेलं आणि खड्ड्यात चूळ भरायला लावली. व्यापाऱ्यांना वाटलं, इथलं काही दैवत असेल. त्यांनी चूळ भरली आणि वर हात जोडले. मी लांबून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, अशा अडाणी लोकांच्या हाती आमची महागडी यंत्रं. खड्डा ओला राहिला नाही तर सगळ्या गिरणीचं अर्थिंग जातं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत त्यावर सात मार्कांचा प्रश्नही सोडवला होता. पण चूळ भरून तो ओला ठेवायचा असतो हे पुस्तकात नव्हतं, त्यामुळे ते मला ओळखू आलं नाही.

मार्चअखेरीस फोन यायला लागले. थोबाडाला डोक्याचं ऐकू येईना. म्हणजे पॅनलवरचे सगळे आकडे जाऊन त्यांच्या जागी नुसत्या चांदण्या, ताऱ्यांच्या खुणा, दिसत. अर्ध्या मिनिटात संपर्क परत आला नाही की कंट्रोलर जपून वागायचं म्हणून वाफ बंद करी आणि गिरणी उभी राही. पुन्हा चालू करायला दोन तास. हे रोज होत नसे. आज झालं, उद्या नाही, परवा दोनदा.

मी गेलो. सकाळी अकराला पोचलो, लॅपटॉप लावला, तीनपर्यंत बघितलं. पॅनल गुणी बाळासारखा चालू. ‘तपासणीदरम्यान दोष आढळला नाही’ असं लिहिलं आणि तीनची बस धरली. त्यानंतरची गाडी नांदेडला पार रात्री टेकायची आणि मला ते मानवत नसे. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पॅनल बदलला. संध्याकाळी फोन, चांदण्या. तिसऱ्या खेपेला केबलची दोन्ही टोकं नवी केली. चौथ्या खेपेला मी कंट्रोलरला सांगून ठेवलं की संपर्क तुटला तरी दोन मिनिटं वाट बघ. मामा माझ्या खांद्यावरून बघत होते.

“हे काय केलंस?”

“सहनशक्ती वाढवली, मामा.”

“म्हंजे कानात बोळा घातलास. अन् त्या दोन मिनिटांत वाफ चढली तर बालाजीनं काय चांदन्या मोजायच्या?”

मी मुकाट्यानं ते परत अर्ध्या मिनिटावर आणलं.

त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं. “भिंतीवरनं माझी केबल गेली होती. ती कुठंय?”

इथं एक सांगायला हवं. ही डोक्या-थोबाडामधली केबल मामांनी स्वतः टाकली होती, भिंतीवरून, सुतळीनं बांधत, वाळत घातलेल्या धोतरासारखी झोले देत. जानेवारीत मामांच्या सुट्टीच्या दिवशी मी गेलो होतो आणि मला ते बघवलं नाही. मी नीटनेटका माणूस. ती उतरवून मी छताजवळच्या लोखंडी ट्रेमधून घेतली, आमच्या कंपनीच्या निळ्या पट्ट्यांनी हातभर अंतरावर बांधली, पट्ट्यांची शेपटं एका मापात कापली, फोटो काढला आणि साहेबांना पाठवला. साहेबांनी अंगठा पाठवला.

“ट्रेमध्ये घेतली, मामा. नीट.”

“कुठल्या? वरच्या का खालच्या?”

गिरणीत दोन ट्रे होते. वरचा मोटारींच्या जाड केबलींचा, खालचा अशा नाजूक तारांचा.

“खालच्या,” मी म्हणालो.

ते बव्हंशी खरं होतं. मधे पंधरा मीटर खालचा ट्रे गच्च भरला होता, म्हणून तेवढी मी वरच्यातून नेली होती. तेवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी सांगितलं नाही. दोन-अडीच महिने चांगली चालली होती, मग उगाच कशाला?

“बराबर खालच्या?”

“अहो मामा, खालच्याच.”

मग मी शोध लावला. चांदण्या दिसतात त्या सगळ्या वेळा मी वहीतून काढल्या. प्रत्येक वेळी पाळी दुपारची आणि खुर्चीत बालाजी. सकाळच्या पाळीत एकदाही नाही. मला काय आनंद झाला! बालाजी उंच, उदगीरकडचा, पाय टेबलाखाली मावत नव्हते. मी त्याला पाय हलवताना पाहिलंही. विज्ञानाला आणखी काय हवं?

बालाजी कायम दुपारपाळीच का घेतो, हे मी विचारलं नाही. सकाळी त्याच्या गल्लीत पाणी यायचं आणि घागरी घेऊन रांगेत उभं राहायला घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको बाळंतपणाला माहेरी, आई गुडघ्यानं बसलेली. हे सगळ्या गिरणीला माहीत होतं. चहाच्या वेळी तो बोलायचाही भरपूर, पण उदगीर वेगळा जिल्हा होणार आणि मग त्याच्याकडे कसं सगळं सुधारणार, यावरच.

“नवा जिल्हा झाला की आमच्याकडं पाणी येतंय बघा, मामा.”

“येतंय की. आधी कलेक्टर येतंय, मंग कलेक्टरचा बंगला, मंग बंगल्याला टँकर. तुझा नंबर त्या टँकरच्या मागं.”

“तुमाला काहीच चांगलं दिसत न्हाई.”

“दिसतंय की. पर चांगल्याला दुरुस्ती लागत न्हाई, म्हनून माझं तिकडं काम पडत न्हाई.”

असा हा बालाजी. त्याच्या पायांवर मी रिपोर्ट लिहिला आणि तीनच्या बसनं निघून आलो. मालकांनी, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, तो वाचला आणि बालाजीला सांगितलं की शनिवारपर्यंत ये, सोमवारपासून घरी बस. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज मऊ, पण अप्पांचं एकदा बोललेलं फिरत नसे.

गुरुवारी अप्पांचा फोन आला. “मामा म्हनतेत तुमचा रिपोर्ट खोटा हाय. उद्या या. अन् बरं का, परतीचं तिकीट काढू नका.”

शुक्रवारी गेलो. मामा मला बघून ‘वॉरंटी’ म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, “बस.” तीन वाजले, बस गेली. मी घड्याळाकडे बघत होतो आणि मामा माझ्याकडे. साडेतीनला त्यांनी बालाजीला पॅनलपासून दहा हात लांब, दाराजवळ सोयाबीनच्या पोत्यावर बसवलं आणि दोन्ही पाय पोत्यावर घ्यायला लावले. मांडी घातलेला बालाजी कीर्तनाला आल्यासारखा दिसत होता, पण त्याचा चेहरा तसा नव्हता. पॅनलसमोर त्यांनी मला बसवलं. गळ्यातला ट्रान्झिस्टर काढून पॅनलमागच्या केबलवर ठेवला. मंद खरखर.

अप्पा येऊन दारात उभे राहिले. “कशाची वाट बघायलाव आपन?”

“पान्याची,” मामा म्हणाले.

चार वाजून गेल्यावर गेटमधून टँकर आत आला. जमिनीखालच्या नव्या हौदात तो रिकामा होई आणि तिथून पाणी वर चढवायला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक नवा पंप बसवला होता, वेग कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर चालणारा. टँकर दुपारीच येई, तोही ज्या दिवशी मिळाला त्या दिवशी. कुणीतरी पंप चालू केला.

ट्रान्झिस्टर किंचाळला. खरखरीचा एकदम कर्कश सूर झाला, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. आणि माझ्या समोर, माझ्या नाकाखाली, आकडे जाऊन चांदण्या आल्या.

मी पहिल्यांदाच तो बिघाड बघत होतो. सहा खेपांत पहिल्यांदा.

“पाय कुठंयत त्याचे?” मामांनी विचारलं.

मी पोत्याकडे पाहिलं. पाय मांडीत होते.

मामांनी ट्रान्झिस्टर उचलला आणि केबलच्या मागोमाग चालू लागले. खालच्या ट्रेखालून हात उंच करून, सावकाश. आवाज वाढत होता. तिसऱ्या खांबापाशी तो इतका वाढला की अप्पांनी कानांवर हात ठेवले. मामा थांबले आणि मान वर केली. “शिडी आना. चढ वॉरंटी.”

शिडी बालाजीनं आणली. मी चढलो, आणि ज्याला मी सोमवारपासून घरी बसवलं होतं तो माणूस खाली शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरून उभा राहिला. वरच्या ट्रेचं झाकण काढलं. आत नव्या पंपाची मनगटाएवढी केबल, आणि तिच्या अंगाला अंग लावून, नवरा-नवरीसारखी बिलगलेली, आमची नाजूक केबल. हातभर अंतरावर निळे पट्टे. शेपटं एका मापात कापलेली. सुंदर काम होतं. पंप टाकणाऱ्यांनी त्यांची केबल नंतर आणून शेजारी घातली होती, एवढाच काय तो त्यांचा वाटा. पंप चालू झाला की तिच्यातली विजेची खरखर सरळ आमच्या केबलमध्ये उतरत होती.

“काय दिसतंय?” मामांनी खालून विचारलं.

मी खरं सांगतो, त्या शिडीवर माझ्या डोक्यात पहिलं वाक्य आलं ते असं, ‘पंपवाल्यांनी घोळ केलाय.’ ते वाक्य जिभेवर आलंही. अप्पांनी मान्य केलं असतं. पंपवाले तिथं नव्हते, आणि नसलेल्या माणसावर टाकायची मला सवय झाली होती.

“बोल की. पट्टे कोन्त्या रंगाचे हायेत?”

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी खाली पाहिलं. बालाजी वर बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हतं, फक्त शिडी हलू नये याची काळजी होती.

“निळे,” मी म्हणालो. “माझे आहेत.”

मामा म्हणाले, “काप.”

एकेक पट्टा कापून केबल बाहेर ओढली. मामांनी खिशातून सुतळी काढली आणि ती परत भिंतीवर टांगली, झोले देत. टँकर अजून अर्धा भरलेला होता, पंप चालूच होता. पॅनलवर आकडे आले आणि राहिले. मामांनी पंप बंद केला, चालू केला, पुन्हा बंद, पुन्हा चालू. आकडे जागचे हलले नाहीत. ट्रान्झिस्टर केबलवर ठेवला, तर मंद खरखर.

“आता लिही,” मामा म्हणाले.

मी लिहिलं, ‘बाह्य विद्युत प्रभावामुळे संपर्कात व्यत्यय येत होता. केबलचा मार्ग बदलण्यात आला.’ मामांनी वाचलं आणि कागदाच्या चार चिंध्या केल्या. मी दुसरा लिहिला, त्यात ‘केबल चुकीच्या ट्रेमध्ये आढळली’ असं होतं. त्याच्याही चिंध्या.

“आढळली? नाग हाय का, सरपटत गेली वर? लेका, एका मानसाची भाकर जायची येळ आली तुझ्या शुद्ध मराठीपायी. आता तरी नीट लिही.”

तिसऱ्या कागदावर मी लिहिलं, ‘केबल मी चुकीच्या ट्रेमध्ये बांधली. मामांनी विचारल्यावर खोटं सांगितलं. बालाजीच्या पायांचा यात काही संबंध नाही.’ माझ्या आयुष्यात लिहिलेला एवढा आखूड रिपोर्ट दुसरा नाही. मामांनी तो अप्पांना न देता बालाजीच्या हातात दिला. बालाजीनं तो दोनदा वाचला, घडी घातली, पण खिशात ठेवायचं धाडस होईना, म्हणून अप्पांकडे बघत राहिला.

“ठिव,” अप्पा म्हणाले. “सोमवारी दुपारी येळेवर ये.”

बालाजी पोत्याजवळून आपली चप्पल घेऊन खुर्चीत जाऊन बसला आणि पाय टेबलाखाली लांब सोडले. मी त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, चूक माणसाकडून होते, माफ कर. तो पॅनलकडे बघत म्हणाला, “साहेब, जरा बाजूला व्हा. वाफ चढवायचीय.”

मला वाटलं होतं, एवढा खरेपणा केल्यावर कुणीतरी चहा तरी विचारेल. शिडीवरून मी किती मोठ्या मनानं ‘माझे’ म्हणालो होतो! पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. फक्त अप्पा शांतपणे माझ्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी मला नाही, मामांना विचारलं, “मामा, ह्यांच्या कंपनीचं काय करावं? ह्यांना फुडं येऊ द्यावं का न्हाई?”

मामांनी ट्रान्झिस्टर गळ्यात अडकवला. ती गिरणी गेली असती तर खतदुकानावरची माझी खोलीही गेली असती.

“येऊ द्या की,” मामा म्हणाले. “मानूस वाईट न्हाई. फकस्त येताना हात घरी ठिवून यायला सांगा.”